यानाचेकच्या ऑपेरांची जुनी रेकॉर्डिंग्ज आणि त्यांची पुनर्प्रकाशनं

लेओश यानाचेक (3 जुलै 1854, हुकवाल्डी – 12 ऑगस्ट 1928, ऑस्ट्रावा) या मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पूर्व भाग) संगीतकाराच्या ऑपेरांची जी रेकॉर्डिंग्ज साधारण 1950 ते 1982 या काळात झाली आणि नंतर सीडीवर, बॉक्स सेटमध्ये, आता स्ट्रीमिंगवर परत परत निघत राहिली त्यांच्याबद्दलची ही नोंद. कोशांमध्ये ऑपेराला संगीतिका म्हणतात पण ऐकणारे सगळे ऑपेराच म्हणतात, म्हणून इथेही तेच. एकूण ऑपेरा नऊ. त्यातले 'येनूफा', 'कात्या काबानोव्हा', कोल्हिणीच्या गोष्टीवरचा 'लिश्का बिस्त्रोउश्का', 'मॅक्रोपुलस प्रकरण' आणि 'मृतांच्या घरातून' हे पाच कायम रंगमंचावर असतात, आणि पुनर्प्रकाशनांचा मोठा भागही याच पाचांचा आहे.

पुनर्प्रकाशन म्हणजे जुनंच रेकॉर्डिंग नव्या माध्यमावर किंवा नव्या कव्हरमध्ये. कव्हरवर छापलेलं साल बऱ्याचदा त्या आवृत्तीचं असतं, गाणारे माइकसमोर उभे होते ते साल आतल्या पानावर बारीक अक्षरात सापडतं, आणि स्ट्रीमिंगवर तर तेही गायब. पण यानाचेकच्या बाबतीत खरी गोची सालाची नाही, स्वरलेखाची आहे, म्हणजे कोणत्या वाद्याने आणि गायकाने काय वाजवायचं-गायचं ते लिहिलेल्या प्रतीची. जुनी टेप नव्या माध्यमावर उतरवताना, म्हणजे नवीन ट्रान्सफरमध्ये, खरखर जाते, आवाज उजळतो, पण त्या दिवशी वाद्यवृंदासमोर स्टँडवर जो स्वरलेख होता तो काही बदलत नाही, आणि जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तो अनेकदा पूर्णपणे यानाचेकचा नसतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 'येनूफा'. मूळ चेक नाव 'येयी पास्तोर्किन्या', म्हणजे 'तिची सावत्र मुलगी'. गाब्रिएला प्राइसोव्हा या लेखिकेचं गद्य नाटक यानाचेकने पद्यात न बदलता जवळपास तसंच संगीतात घेतलं. पहिला प्रयोग मोराव्हियातल्या ब्रनो शहरात 21 जानेवारी 1904 रोजी झाला. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने मात्र तो बारा वर्षं दाराबाहेर ठेवला. तिथला संगीतप्रमुख कारेल कोवार्झोविट्स याच्या एका ऑपेरावर यानाचेकने 1887 मध्ये झोंबणारं परीक्षण लिहिलं होतं, त्याचा हा सूड असं सर्रास सांगितलं जातं, पण सगळं त्या एका परीक्षणावर ढकलणं जरा सोपं वाटतं, कारण कोवार्झोविट्सला यानाचेकचं वाद्यलेखन खरोखरच कच्चं आणि ओबडधोबड वाटत असणार, आणि तसं वाटणारा तो एकटा नव्हता. शेवटी त्याने अट घातली की स्वरलेखात मी माझे बदल करणार, यानाचेकने मान्य केलं, आणि 26 मे 1916 ला प्रागमध्ये ऑपेरा डोक्यावर घेतला गेला. मग लेखक माक्स ब्रोदने जर्मन भाषांतर केलं, व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशनने छापला, 1918 मध्ये व्हिएन्ना, 1924 मध्ये न्यू यॉर्क असा प्रवास झाला. जगभर गेला तो कोवार्झोविट्सच्या हातचा 'येनूफा'.

बदल किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. काही जण म्हणतात ही फक्त वाद्यांची झाडपूस होती आणि तिच्याशिवाय ऑपेरा ब्रनोबाहेर गेलाच नसता. पण शेवटचा प्रसंग ऐकला की झाडपूस हा शब्द टिकत नाही. येनूफाच्या बाळाला बर्फाखाली टाकल्याची कबुली देऊन तिची सावत्र आई कोस्तेल्निच्का गेलेली असते, गर्दी पांगते, येनूफा आणि तिच्यावर प्रेम करणारा लात्सा दोघंच उरतात. कोवार्झोविट्सने इथे हॉर्न आणि ट्रम्पेटना एकामागून एक तीच धून देऊन कॅननसारखी भव्य उभारणी केली. यानाचेकचा शेवट त्यामानाने उघडा आहे, ती जादाची पितळी झळाळी त्यात नाही. संगीत-अभ्यासक जॉन टिरेल आणि वाद्यवृंद-संचालक चार्ल्स मॅकेरास यांनी हे थर बाजूला काढून 1908 च्या सुमाराचं रूप परत उभं केलं. 1908 च का तर त्या साली ब्रनोत पियानोसह गायनाचा स्वरलेख छापला गेला, त्याआधी यानाचेकने स्वतःच 1904 च्या रूपात बरीच काटछाट केली होती. म्हणजे 1904, 1908 आणि 1916 अशी तीन रूपं झाली. आजचा कल 1908 कडे आहे आणि तो योग्यच वाटतो, पण 1916 चं रूप ऐकून मोठ्या झालेल्या पिढीला तो शेवट अजून थोडा रिकामा वाटतो हेही खरंय.

78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या तबकड्यांच्या काळात असला ऑपेरा अख्खा रेकॉर्ड करणं परवडण्यातलं नव्हतं. एका बाजूला चार-साडेचार मिनिटं, 'येनूफा' दोन तासांचा, म्हणजे तीसच्या आसपास बाजू झाल्या. आपल्याकडे नाट्यपदं तबकडीच्या साडेतीन मिनिटांत बसवली गेली, पण पद तरी सुटं काढता येतं, यानाचेकच्या ऑपेरात सुटं काढण्यासारखं फार थोडं आहे, सगळं बोलण्याच्या ओघात पुढे जातं. त्यामुळे खरी सुरुवात एलपीनंतरच, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आल्यावरच झाली.

ती केली सुप्राफोन या चेक रेकॉर्ड कंपनीने. चेकोस्लोव्हाकियातल्या ग्रामोफोन कंपन्यांचं 1946 मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि नंतरची काही दशकं हे संगीत जगाला मुख्यतः त्यांच्याच तबकड्यांवरून ऐकू आलं. यारोस्लाव फोगेलच्या हाताखालचा 'येनूफा' साधारण 1952-53 चा, प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा, कोस्तेल्निच्का मार्टा क्रासोव्हा आणि लात्सा बेनो ब्लाखुट. हाच फोगेल पुढे यानाचेकच्या मोठ्या चरित्राचा लेखक झाला. रेकॉर्डिंग मोनो आहे. पडदा उघडताना झायलोफोनची जी टकटक येते (पाणचक्की फिरतेय), ती नव्या रेकॉर्डिंगमध्ये खोलीच्या एका कोपऱ्यातून स्पष्ट येते, इथे ती बाकी वाद्यांच्या मागे दबलेली आहे. पण क्रासोव्हा दुसऱ्या अंकात बाळाला घेऊन बाहेर पडायचं ठरवते तिथे मोनो-स्टिरिओ काही आठवत नाही.

त्यानंतर 1957 चा वाच्लाव नॉयमानचा 'लिश्का' येतो, कोल्हीण हाना ब्योमोव्हा आणि वनरक्षक रुडॉल्फ आस्मुस. आधीच्याच वर्षी, 1956 मध्ये, पूर्व बर्लिनच्या कोमिशे ऑपरमध्ये वाल्टर फेल्झेनश्टाइनने हा ऑपेरा बसवला होता, संचालन नॉयमानचंच, त्यामुळे या रेकॉर्डिंगला तालमीत मुरलेल्या प्रयोगाचा गुण आहे. याच ऑपेराचा वाच्लाव तालिखने केलेला वाद्यवृंदाचा सुइट (ऑपेरातलं निवडक संगीत जोडून केलेली रचना) 1954 मध्ये चेक फिलहार्मोनिकने रेकॉर्ड केला, तोही वरचेवर परत निघतो. गंमत म्हणजे तालिखने त्याचं वाद्यलेखन दुसऱ्यांकडून गुळगुळीत करून घेतलं होतं, म्हणजे कोवार्झोविट्सचीच परंपरा. कानाला फार गोड लागतं, आणि अडचण तीच आहे. 1959 चा यारोस्लाव क्रोम्बहोल्त्सचा 'कात्या' (द्राहोमिरा तिकालोव्हा, बोरिस म्हणून परत ब्लाखुट) आणि 1965-66 चा बोहुमिल ग्रेगोरचा 'मॅक्रोपुलस' (लिबुशे प्रिलोव्हा) हेही याच मालिकेतले. 1970 च्या दशकाच्या शेवटी ब्रनोच्या मंडळींसोबत फ्रांतिशेक यीलेकने केलेला 'येनूफा' गाब्रिएला बेन्याच्कोव्हासाठी ऐकावा.

या चेक रेकॉर्डिंग्जचा स्वरलेख संशयास्पद असला तरी बोली अस्सल आहे आणि यानाचेकच्या बाबतीत ही किरकोळ गोष्ट नाही. रस्त्यावरच्या, बाजारातल्या, दारात उभ्या बायकांच्या बोलण्याचे चढउतार तो वहीत स्वरांत टिपून ठेवायचा, 'नापेव्की म्लुवी' म्हणजे बोलीच्या चाली, आणि ऑपेरातली वाक्यं त्याच लहेजात उठतात-बसतात. चेकमध्ये शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर, तो सरकला की चालच लंगडते. म्हणून जर्मन किंवा इंग्लिशमधल्या जुन्या प्रक्षेपणांची पुनर्प्रकाशनं गायकांसाठी ऐकायची, यानाचेकसाठी नाही (हे माझं मत, बरेच जण असहमत असतील).

दुसरा टप्पा मॅकेरासचा. ऑस्ट्रेलियन घरातला हा संचालक 1947-48 मध्ये प्रागला तालिखकडे शिकायला गेला, तिथे 'कात्या' ऐकला, आणि 1951 मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्समध्ये त्याचा ब्रिटनमधला पहिला प्रयोग केला. डेक्का या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीसाठी व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबत 'कात्या' (1976), 'मॅक्रोपुलस' (1978), 'मृतांच्या घरातून' (1980), 'लिश्का' (1981) आणि 'येनूफा' (1982) झाले. पहिले दोन अॅनालॉग, उरलेले डिजिटल. कात्या, एमिलिया मार्टी ('मॅक्रोपुलस'ची नायिका) आणि येनूफा तिन्ही एलिझाबेथ सोडरस्ट्रम, स्वीडिश, बाकीचे बहुतेक चेक-स्लोव्हाक, 'लिश्का'मध्ये लुसिया पॉप. पुढे पाचही मिळून नऊ सीडींचा बॉक्स निघाला. 'येनूफा'च्या सेटमध्ये 1908 चं रूप संपल्यावर कोवार्झोविट्सचा शेवट पुरवणी म्हणून वेगळा दिलाय, म्हणजे वर सांगितलेला वाद एका बैठकीत लागोपाठ दोन्ही शेवट ऐकून स्वतःच तपासता येतो. अशी सोय आणखी ऑपेरांच्या सेटमध्ये हवी होती.

'मृतांच्या घरातून' मध्ये प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे. यानाचेकने कोऱ्या कागदावर हाताने हव्या तेवढ्याच ओळी आखून स्वरलेख लिहिला, लेखनिक सेदलाचेक आणि कुल्हानेक यांनी त्याच्या देखरेखीखाली नक्कल केली, आणि तिसऱ्या अंकाची तपासणी पूर्ण व्हायच्या आत तो गेला. स्वरलेख इतका विरळ दिसत होता की तो अपुरा राहिलाय असं समजून शिष्य ब्रेतिस्लाव बाकाला आणि ओस्वाल्ड ख्लुब्ना यांनी वाद्यं भरली, आणि कैद्यांना परत कामावर हाकललं जातं त्या कोरड्या शेवटाऐवजी स्वातंत्र्याचा समूहगजर घातला. 12 एप्रिल 1930 ला ब्रनोत तसाच प्रयोग झाला. त्यांनी हे प्रेमापोटी केलं यात शंका नाही. 1980 च्या रेकॉर्डिंगमध्ये टिरेल-मॅकेरास लेखनिकांच्या प्रतीकडे परत गेले, बेड्यांचा खळखळाट वाद्यवृंदात मोकळा झाला आणि तो विरळपणा मुद्दाम ठेवलेला होता हे कळलं.

जुनी रेकॉर्डिंग्ज एवढी मुबलक निघण्यामागे कायदा पण आहे. युरोपीय संघात रेकॉर्डिंगवरचा हक्क आधी 50 वर्षांचा होता, 2011 च्या निर्देशाने तो 70 झाला, पण 1963 च्या आधी प्रकाशित झालेली तोवर मोकळी झालेली होती. म्हणून 1950 च्या दशकात प्रकाशित झालेलं काहीही छोट्या कंपन्याही काढू शकतात, मूळ टेप हाताशी नसली तर एलपीवरून उतरवून. अशा प्रतीत बाजू बदलतानाचा सांधा नीट जुळलाय का, सूर किंचित चढलाय का हे तपासावं, आणि मोनोला कृत्रिम स्टिरिओ केलेल्या आवृत्त्या सरळ टाळाव्यात. स्वस्त आवृत्तीत संहितेची पुस्तिका गाळतात. मी घेतलेल्या एका सेटमध्ये पुस्तिका तर नव्हतीच, वर गायकांच्या यादीत दोन भूमिकांची अदलाबदल झाली होती, एका बाईच्या आवाजाला मी महिनाभर दुसरीच बाई समजत होतो.

उरलेल्या ऑपेरांची रेकॉर्डिंग्ज मोजकी. 'ओसूद' 1934 मध्ये ब्रनो रेडिओवर आणि 1958 मध्ये रंगमंचावर आला, यीलेकचं रेकॉर्डिंग 1970 च्या दशकातलं. 'ब्रोउचेक'चं नॉयमानचं 1962 चं. 'शार्का' मॅकेरासने 2000 च्या सुमारास केला.

खुद्द यानाचेकचा रेकॉर्डिंगशी संबंध ऑपेरातून नाही, लोकगीतांतून आला. 1909 पासून तो आणि त्याचे सहकारी एडिसनचा फोनोग्राफ घेऊन मोराव्हिया-स्लोव्हाकियातल्या गावांत मेणाच्या नळकांड्यांवर गाणी टिपत होते, आणि त्यातली वाचलेली 1998 मध्ये ब्रनोहून सीडीवर निघाली. त्यात आधी नुसती खरखर येते, मग तिच्या मागून गाण्याचा आवाज.