मोर्स टेपर

ड्रिल, रीमर, सेंटर, ड्रिल चक अशी साधने यंत्राच्या स्पिंडलमध्ये (फिरत्या दांड्यात) किंवा लेथच्या टेलस्टॉकमध्ये (मागच्या सरकत्या आधारात) बसवण्यासाठी त्यांच्या शँकला (यंत्रात धरल्या जाणाऱ्या मागच्या भागाला) दिलेला निमुळता शंक्वाकार आकार. याचे ० ते ७ असे आठ क्रमांक असून कारखान्यात त्यांना एमटी-२, एमटी-३ (एमटी म्हणजे मोर्स टेपर) असे म्हणतात. १४ मिमी.पर्यंतच्या ड्रिलला सामान्यतः १ क्रमांकाचा आणि २३ मिमी.पर्यंतच्या ड्रिलला २ क्रमांकाचा शँक असतो.

स्टीफन मोर्स या अमेरिकन कारागिराने १८६३ मध्ये ट्विस्ट ड्रिलचे (पिळदार खाचांच्या ड्रिलचे) पेटंट घेतले. त्याच्या नावाची कंपनी १८६४ च्या सुमारास मॅसॅचूसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे उभी राहिली. टेपरही याच काळातला मानतात. परंतु पेटंट ड्रिलचे होते, टेपरचे नव्हे; म्हणून १८६३ हे साल टेपरला लावणे योग्य नाही. १८६० नंतरचे दशक एवढेच म्हणणे सुरक्षित.

या टेपरचा उतार सर्व क्रमांकांना एकसारखा नाही, ही त्याची सर्वांत चक्रावणारी बाब. एक फूट लांबीत व्यास ५/८ इंच कमी होणे, म्हणजे १:१९.२, हा मूळ उतार समजला जातो. प्रत्यक्षात ०, ४, ६ व ७ हे क्रमांक त्याच्या जवळपास आहेत, १, २ व ३ मात्र १:२० कडे झुकतात (एमटी-१ चा १:२०.०४७, एमटी-२ चा १:२०.०२०) आणि एमटी-५ सर्वांत उताराचा, १:१९.००२ आहे. सुरुवातीचे गेजच (मापे पडताळण्याचे नमुने) पुरेसे अचूक नव्हते आणि त्यांवर बेतलेला माल बाजारात पसरल्यावर ते बदलणे अशक्य झाले, असे याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. ते पटण्याजोगे आहे. फरक हेतुपुरस्सर असते, तर आकाराबरोबर वाढणारा किंवा घटणारा काही क्रम दिसला असता. तसा तो दिसत नाही. ब्राउन अँड शार्प कंपनीतील ऑस्कर बील याने सुचवलेल्या जार्नो टेपरमध्ये हा घोळ नव्हता. त्याचा उतार नेमका १:२०, मोठा व्यास क्रमांकाच्या १/८ इंच आणि लांबी क्रमांकाच्या निम्मे इंच. इतकी देखणी मांडणी असूनही प्रसार मोर्सचाच झाला, आणि आयएसओ २९६ या आंतरराष्ट्रीय मानकाने तेच विचित्र आकडे कायम ठेवले.

मोर्स टेपरचा अर्धकोन (अक्ष व उतरती बाजू यांतील कोन) क्रमांकानुसार सुमारे १°२६′ ते १°३०′ आहे. पोलादावर पोलादाचा घर्षणकोन (ज्या कोनापर्यंत घर्षणामुळे वस्तू घसरत नाही तो) याहून बराच मोठा असल्याने शँक एकदा दाबून बसवला की आपोआप सुटत नाही. टोकाची चपटी जीभ (टँग) पिळबळ वाहून नेते असा समज आढळतो. तिचे मुख्य काम मात्र शँक बाहेर काढताना ड्रिफ्टला (ठोकून घालायच्या पाचरीला) टेकू देणे हे आहे. पिळबळ पेलते ते पृष्ठभागांवरील घर्षण. टँग पिळवटलेला दिसला, तर टेपर नीट बसत नव्हता असे समजावे.

मिलिंगमध्ये बाजूने धक्के बसतात आणि पकड ढिली होते. त्यासाठी टँगऐवजी आटे पाडून ड्रॉबारने (स्पिंडलमधून जाणाऱ्या आट्यांच्या दांड्याने) शँक ओढून धरतात. पुढे मिलिंग यंत्रांसाठी ७:२४ हा अधिक उताराचा टेपर रूढ झाला. त्याचा अर्धकोन ८°१७′ असल्याने तो अडकून बसत नाही. ड्रॉबार सैल करताच धारक (हत्यार धरणारा भाग) सुटतो आणि हत्यार झटपट बदलता येते. फार वेगात स्पिंडलचे तोंड केंद्रोत्सारी बलाने किंचित फाकते व असा धारक आत ओढला जातो. एचएसके या जर्मन धारकात (डीआयएन मानक १९९३) शंकू व फ्लँजची (रुंद कड्याची) कड एकाच वेळी टेकत असल्याने हा दोष टळतो.

टेपर तपासताना शँकवर लांबीच्या दिशेने प्रशियन ब्लू या निळ्या रंगाची पातळ रेघ ओढतात, तो सॉकेटमध्ये (शँक बसण्याच्या पोकळीत) हलकेच बसवून थोडा फिरवतात आणि काढून पाहतात. रेघ पूर्ण लांबीभर पसरली तर बैठक चांगली. फक्त तोंडाशी किंवा टोकाशी पुसली गेली तर ड्रिल डुलणार. बसवण्यापूर्वी सॉकेट आतून फडक्याने पुसणे अत्यावश्यक आहे, कारण धातूची बारीकशी चीपही (कातरणही) ड्रिल तिरके करते आणि सॉकेटला कायमचा ओरखडा पाडते. शँक लहान असल्यास मधे स्लीव्ह (आतून-बाहेरून निमुळती नळी) घालतात. काढताना ड्रिफ्टची सपाट बाजू टँगकडे व गोल बाजू स्पिंडलमधील आडव्या खाचेच्या वरच्या टोकाकडे ठेवून हातोडीने हलका ठोका देतात. त्याआधी यंत्राच्या टेबलावर लाकडी फळी ठेवतात, म्हणजे खाली पडणाऱ्या ड्रिलची धार शाबूत राहते.