परवाना पंचायतीचा, रेघ भरतीची

११ आणि १२ जानेवारी २०२० या दोन दिवसांत केरळमध्ये कोचीजवळच्या मरडू इथली चार निवासी संकुलं स्फोटकं लावून पाडली गेली. पाण्याकाठचे ते मनोरे काही सेकंदांत खाली बसताना देशभर टीव्हीवर दिसले. बेकायदा बांधकाम म्हटलं की चोरून, रातोरात उभं केलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इथे तसं नव्हतं. या इमारतींना २००६ मध्ये तेव्हाच्या ग्रामपंचायतीनं परवानगी दिली होती. अडचण अशी की, राज्याच्या किनारा आराखड्यात तीच जागा किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) तिसऱ्या वर्गात, सीआरझेड-३ मध्ये, म्हणजे पाण्यालगत नवी बांधकामं रोखणाऱ्या पट्ट्यात होती, आणि परवाना देताना किनारा प्राधिकरणाला विचारलंच गेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१९ मध्ये इमारती पाडायला सांगितलं.

एकाच जमिनीचे दोन कागद, एक गावाच्या दप्तरातला आणि एक राजधानीतला, आणि दोघांची गाठ पडली ती थेट कोर्टात. किनारा राखण्याच्या कायद्यांचा गेल्या साठेक वर्षांचा इतिहास म्हणजे मुख्यतः हे दोन कागद आधीच एका टेबलावर आणायची खटपट आहे.

मूळ विचार मात्र फार जुना. इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेनं रोमन कायदा संकलित झाला, त्यात हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्रामुळे किनाराही सर्वांचा सामाईक म्हटला आहे. किनारा कुठवर? हिवाळ्यातली सर्वांत मोठी लाट पोचते तिथवर. व्याख्या देखणी आहे, पण तिच्यात एक गोम आहे. लाट थांबली की सामाईकपणही थांबलं. पुढे इंग्लंडमध्ये भरती-ओहोटीमधला पट्टा राजाचा ठरला, अमेरिकेत तो राज्यांकडे आला. १८९२ मध्ये शिकागोच्या सरोवरकाठच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, पाण्याखालची ही जमीन राज्याकडे विश्वस्त म्हणून आहे. रेल्वे कंपनीला ती देऊन टाकून राज्याला हात झटकता येणार नाहीत. हे सगळं रेघेच्या ओल्या बाजूचं. किनाऱ्याचं नुकसान मात्र बहुधा कोरड्या बाजूला सुरू होतं. वाळूची टेकडी सपाट होते, ओढा वळवला जातो, दलदलीत भराव पडतो, सांडपाण्याचा नळ कुठेतरी काढून दिला जातो.

कोरड्या बाजूवर हुकूम चाले तो गावाचा. ब्रिटनच्या १९४७च्या नगररचना कायद्याचं राज्य ओहोटीच्या पाण्यापाशी संपत असे. समुद्राचं नियोजन कायद्यात यायला तिथे २००९ साल उजाडलं. अमेरिकेत झोनिंगचा, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं हे ठरवण्याचा, अधिकार १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उचलून धरला, तोही ओहायोतल्या एका खेड्याच्या खटल्यात. झोनिंगचा हेतू सरळ होता. घराशेजारी कारखाना येऊ नये. त्या नकाशावर खाजणाला, चिखलपट्ट्याला स्वतःचा रंगच नव्हता. ती ‘पडीक’ जमीन. शिवाय १८४९ आणि १८५०च्या कायद्यांनी अमेरिकेच्या केंद्र सरकारनं दलदलीच्या जमिनी राज्यांना दिल्या होत्या त्या निचरा करून वापरात आणाव्यात म्हणूनच. पाणथळ बुजवणं हे तेव्हा पुण्यकर्म होतं.

या समजुतीला पहिला तडा कायद्यानं नव्हे, शास्त्रानं दिला. १९५०च्या दशकात जॉर्जिया राज्यातल्या सॅपेलो बेटावर यूजीन ओडम आणि त्यांचे सहकारी खाऱ्या दलदलीचा जमाखर्च मांडत होते. तिथल्या गवतापैकी थोडंच कुणी हिरवं खातं. बाकीचं मरतं, कुजतं, भरती-ओहोटीबरोबर खाडीत फिरतं, आणि त्यावर खेकडे, कोळंबी, मासे पोसले जातात. म्हणजे किनाऱ्याची संपत्ती कुठल्या एका प्लॉटवर नसते. त्या प्लॉटवरून दिवसातून दोनदा जाणाऱ्या पाण्यात असते. जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळा परवाना देणाऱ्या कारभाराला हे झेपणारं नव्हतं. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्सनं आणि १९७० मध्ये जॉर्जियानं खाऱ्या दलदलींसाठी स्वतंत्र कायदे केले.

पण खरा धक्का बसला तो एका नकाशामुळे. १९५९च्या सुमाराला अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागासाठी कॅलिफोर्निया राज्यातल्या सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या भविष्याचा अहवाल तयार झाला. भराव टाकता येण्याजोग्या उथळ जागा त्यात दाखवल्या होत्या. त्या सगळ्या भरल्या तर २०२० साली उपसागराच्या जागी जेमतेम एक रुंद नदी उरली असती. हा काही कुणा एकाचा दुष्ट बेत नव्हता. काठावरच्या प्रत्येक शहराची आपापली योजना होती. एकट्या बर्कलीला सुमारे २,००० एकर भराव टाकून शहर जवळपास दुप्पट करायचं होतं. प्रत्येक योजना आपल्या हद्दीत कायदेशीर, आणि बेरीज केली की उपसागर गायब. मला हा सगळ्या इतिहासातला कळीचा क्षण वाटतो. तोवर कुणी बेरीजच केली नव्हती, कारण बेरीज करणं हे कुणाचंच काम नव्हतं.

के केर, सिल्व्हिया मॅक्लॉफ्लिन आणि एस्थर गुलिक या बर्कलीच्या तिघीजणींनी १९६१ मध्ये चळवळ उभी केली. १९६५ मध्ये राज्यानं उपसागरासाठी एक आयोग नेमला. आधी तात्पुरता, १९६९ मध्ये कायमचा. भराव टाकायचा तर शहराच्या परवानगीबरोबर या आयोगाचीही परवानगी लागू लागली. त्याच १९६९च्या जानेवारीत सांता बार्बराजवळ तेलगळती झाली आणि किनारे काळे पडले. उत्तरेला सी रँच नावाच्या वसाहतीमुळे सुमारे दहा मैल किनाऱ्यावर लोकांची वाट बंद होण्याची चिन्हं होती. विधिमंडळात किनारा विधेयकं वारंवार बारगळली, तेव्हा नागरिकांनी सह्या गोळा करून प्रश्न थेट मतपेटीत नेला. नोव्हेंबर १९७२ मध्ये ‘प्रस्ताव २०’ सुमारे ५५ टक्के मतांनी मंजूर झाला. भरतीरेषेपासून १,००० यार्ड, म्हणजे नऊशेएक मीटरपर्यंत, कुठलंही बांधकाम करायला किनारा आयोगाचा परवाना लागणार होता. मुदत होती चार वर्षांची.

ही मुदत संपताना १९७६ मध्ये जो कायदा झाला, त्यातली तोड मला फार शहाणपणाची वाटते. आयोग कायम राहिला, पण रोजचे परवाने त्यानं कायम स्वतःकडे ठेवायचे नव्हते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक शहरानं आणि काउंटीनं (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) ‘स्थानिक किनारा कार्यक्रम’ तयार करायचा: जमिनीच्या वापराचा आराखडा, आणि तो अमलात आणणारे नियम. नाजूक अधिवास कुठले, लोकांना समुद्रापर्यंत वाट कुठून, शेतजमीन कशी राखणार, हे सगळं त्यात लिहायचं. आयोगानं तो तपासून प्रमाणित केला की परवान्याचा अधिकार पुन्हा गावाकडे. मात्र समुद्रालगतच्या ठरावीक प्रकरणांत गावाच्या निर्णयावर आयोगाकडे अपील करता येतं. आयोगाच्या १२ मतांपैकी ६ स्थानिक लोकप्रतिनिधींची. म्हणजे गावाच्या हातातली किल्ली काढून घेतली नाही. कुलूप बदलून नवी किल्ली दिली.

कागदावर सोपं, प्रत्यक्षात रखडलेलं. चार दशकं उलटून गेली तरी काही शहरांचे कार्यक्रम पूर्ण झाले नव्हते. मालिबूचं उदाहरण गमतीचं आहे. नटनट्यांच्या बंगल्यांचं हे शहर १९९१ मध्ये स्वतंत्र झालं. त्याचा आराखडा काही होईना, तेव्हा २००० मध्ये विधिमंडळानं आयोगालाच तो लिहायला सांगितलं, आणि २००२ मध्ये तो शहरावर लागू झाला. शहर त्याविरुद्ध कोर्टात गेलं, हे सांगायला नकोच.

१९७२च्याच ऑक्टोबरात अमेरिकी केंद्र सरकारनं किनारा व्यवस्थापन कायदा केला. त्यात सक्ती नव्हती. राज्यानं आराखडा केला तर पैसे मिळणार, आणि आराखडा मान्य झाला की केंद्राचे स्वतःचे प्रकल्पही त्याच्याशी जुळवून घेणार. दुसरं आमिष पैशापेक्षा मोठं ठरलं. नॉर्थ कॅरोलायनानं १९७४ मध्ये किनाऱ्यावरच्या २० काउंट्यांना भूवापर आराखडे सक्तीचे केले, आणि पुढे समुद्राकाठच्या घरांसाठी एक साधा गुणाकार घातला: किनारा दरवर्षी जितका झिजतो त्याच्या ३० पट मागे बांधा. गृहकर्जाचं आयुष्य साधारण तितकंच असतं, हा योगायोग नसावा.

याच राज्यानं पुढे आपला हिशेब स्वतःच अडवला. २०१० मध्ये राज्याच्या किनारा आयोगाच्या शास्त्रज्ञांच्या समितीनं २१००पर्यंत समुद्र ३९ इंच चढेल असं धरून नियोजन करावं, असं सुचवलं. जमिनीचे भाव पडतील या भीतीनं किनारी काउंट्यांतून ओरड झाली, आणि २०१२च्या कायद्यानं समुद्रपातळीवाढीचा दर नियमांसाठी ठरवायलाच २०१६पर्यंत मनाई केली. नंतरच्या अहवालानं शंभरऐवजी तीस वर्षांपुरतंच पाहिलं.

मालकांची बाजूही खोटी नव्हती. डेव्हिड लुकास यांनी १९८६ मध्ये साउथ कॅरोलायनात समुद्राकाठचे दोन प्लॉट ९,७५,००० डॉलरना घेतले. १९८८च्या नव्या कायद्यानं तिथे घर बांधायला बंदी आली, शेजारी मात्र घरं उभीच होती. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, जमिनीचं सगळं मोल हिरावून घेणाऱ्या नियमाला भरपाई द्यावी लागेल. अखेर राज्यानं प्लॉट विकत घेतले आणि खर्च भरून काढायला ते घरबांधणीसाठीच विकून टाकले! त्यानंतर प्रत्येक किनारी गावाचा वकील नियम लिहिताना या खटल्याकडे एक डोळा ठेवू लागला.

युरोपात वळण वेगळं. डेन्मार्कनं १९३७ मध्येच किनाऱ्यापासून १०० मीटरचा पट्टा बांधकामापासून राखला आणि १९९४ मध्ये तो ३०० मीटर केला. फ्रान्सनं आधी १९७५ मध्ये किनारी जमिनी विकत घेणारी सरकारी संस्था काढली, मग ३ जानेवारी १९८६चा किनारा कायदा केला. वस्तीबाहेर १०० मीटरपर्यंत बांधकाम नाही, नवी वस्ती जुन्या गावाला लागूनच, दोन गावांमध्ये मोकळी जागा सोडायची. हे सगळं प्रत्येक गावाच्या स्थानिक आराखड्यात उतरलं पाहिजे. न उतरल्यास आराखडा कोर्टात टिकत नाही. एक ठोकळ आकडा अन्याय्य वाटतो, कारण खडकाळ कड्याला आणि सरकत्या वाळूला तेच माप. पण बारीक, शास्त्रशुद्ध आराखड्यापेक्षा असा आकडाच दबावाला जास्त काळ पुरून उरतो, असं हा इतिहास वाचताना राहून राहून वाटतं. आकडा सौम्य करायचा तर उघडपणे कायदा बदलावा लागतो. आराखडा एका बैठकीत बदलता येतो.

भारतात सुरुवात एका पत्रानं झाली. नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना भरतीरेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवायला सांगितलं. १९ फेब्रुवारी १९९१ला सीआरझेड अधिसूचना आली. शहरी भागात, सीआरझेड-२ मध्ये, इमारती रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूला आणि त्या तारखेला लागू असलेल्या स्थानिक नगररचना नियमांनुसार, एफएसआयसकट (भूखंडावर किती चटईक्षेत्र बांधता येईल त्याचं प्रमाण). नियम त्या दिवशी गोठले. राज्यांनी किनारा आराखडे करायचे होते, ते वर्षानुवर्षं झालेच नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल १९९६ मध्ये कान पकडल्यावर हालचाल झाली. २०११ मध्ये अधिसूचना नव्यानं आली. २०१९च्या अधिसूचनेनं दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात ना विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणण्याची सोय केली. पंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या परवान्याच्या फाइलीत किनाऱ्याचा नकाशा आपोआप उघडेल अशी रचना यातल्या कशानंच पक्की झाली नाही. मरडू घडलं ते त्या फटीत.

ही फट भारतापुरती नाही. २०१०च्या फेब्रुवारीअखेर झिंथिया वादळात फ्रान्सच्या ला फोत-सूर-मेर या गावात बांध ओलांडून समुद्र घुसला आणि २९ माणसं बुडून मेली. घरं बांधामागच्या खोलगट जागेत होती, परवान्यासह. धोका ठाऊक असून परवाने दिले आणि लोकांना अंधारात ठेवलं, म्हणून २०१४ मध्ये माजी महापौरांना कैदेची शिक्षा झाली. अपिलात ती दोन वर्षांच्या स्थगित कैदेवर आली. उरलेली शेकडो घरं सरकारनं विकत घेऊन पाडली.

दक्षिणेला सुलाक-सूर-मेर इथे ‘ल सिन्याल’ नावाची ७८ फ्लॅटची इमारत १९६०च्या दशकाच्या अखेरीस समुद्रापासून सुमारे २०० मीटरवर उभी राहिली होती. वाळू मागे मागे हटली. २०१४ मध्ये रहिवाशांना बाहेर काढलं, २०२३च्या फेब्रुवारीत इमारत पाडायला घेतली. दरम्यान ऑगस्ट २०२१च्या फ्रेंच हवामान कायद्यानं झिजणाऱ्या किनाऱ्यावरच्या गावांना स्थानिक आराखड्यात दोन नव्या रेघा मारायला लावल्या: येत्या ३० वर्षांत समुद्र कुठे असेल, आणि १०० वर्षांत कुठे. पहिल्या पट्ट्यात नवं बांधकाम जवळपास बंद. दुसऱ्यात घर बांधता येतं, पण पाणी जवळ आलं की मालकानंच ते पाडायचं, आणि त्या पाडकामाचा खर्च परवाना घेतानाच सरकारी वित्तसंस्थेत जमा करायचा.