प्लस, मायनस आणि उसाची सरी

आत्याकडं थोरलीच्या लग्नाच्या दोन डीव्हीडी आहेत, २००६ सालच्या. एकदाच लिहायच्या डिस्कच्या दोन जाती असतात; हळदीची ती 'प्लस आर', लग्नाची 'मायनस आर'. हळद नीट दिसते. लग्न मात्र पाठवणीला आलं की अडकतं. एक पाहुणे म्हणाले, मुहूर्तच बरा नव्हता. आत्याचं म्हणणं वेगळं, "मायनस म्हणजे कमीच की रे. प्लसमध्ये जास्त मावतंय. त्या फोटोवाल्यानं स्वस्तातली गळ्यात मारली."

मुहूर्ताचं सोडून देऊ. ज्या मुहूर्तावर लग्न लागलं, तो पाठवणीशी येऊन थांबेल कशाला? आत्याचा हिशेबही चुकतो. दोन्ही ४.७ जीबीच्याच, आणि बाइट मोजायलाच बसलो तर मायनसमध्येच सत्तरएक लाख बाइट जास्त मावतात. मुळात ते मायनस नव्हतंच, नावातली साधी जोडरेघ होती. पायोनियरची डीव्हीडी-आर १९९७ची. पुढं फिलिप्स, सोनी वगैरेंच्या गटानं आपली वेगळी पद्धत काढली आणि तिला प्लस म्हटलं, तेव्हा लोक त्या रेघेला मायनस म्हणायला लागले.

फरक आहे तो कोऱ्या डिस्कमध्ये. कोरी म्हणजे तशी कोरी नव्हे. कारखान्यातून येतानाच तिच्यात आतून बाहेर गोल फिरत जाणारी एकच अखंड खाच असते. उसाच्या रानात सरी-वरंबा असतो ना, तसं: खाच ही सरी, दोन खाचांमधला उंचवटा हा वरंबा. आपल्याकडं साडेचार फुटी सरी सोडतात, इथं दोन सऱ्यांत ०.७४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. सगळी सरी उलगडली तर बारा किलोमीटरच्या आसपास भरते. कोल्हापूरच्या बिंदू चौकातून निघालात तर पन्हाळ्याची निम्मी वाट मागं पडेल.

या सरीतून लेझर लिहीत जातो. पण आपण कुठं आहोत आणि किती वेगानं चाललोय, हे त्याला कळायचं कसं? त्यासाठी सरी मुद्दाम नागमोडी काढलेली असते. मायनसमध्ये एक वळण साधारण २५ मायक्रॉनचं. वळणं मोजून वेग कळतो, आणि पत्ता वरंब्यावर पाडलेल्या बारीक खड्ड्यांतून. प्लसमध्ये वरंबा मोकळाच. वळणं मात्र फार बारीक, चार मायक्रॉनच्या जरा वर, आणि पत्ताही त्यांतच दडवलेला. दर ९३ वळणांतली आठ या कामाला राखलेली. त्यांतली काही उलटी असतात, डावीकडं वळायच्या जागी उजवीकडं. उलटी नेमकी कुठली, यावरून शून्य की एक हे ठरतं, आणि असे पन्नासएक शून्य-एक जुळले की एक पत्ता होतो. मध्येच लिहिणं थांबलं तर लेझरला तीच जागा पुन्हा अचूक सापडते. मला ही कल्पना इतकी आवडते की घरचे आता विषय निघाला की उठून जातात.

पण हा खटाटोप लिहिण्यापुरता. टीव्हीखालचा प्लेयर वळणांकडं बघत नाही, तो सरीतले उजळ-गडद ठिपके वाचतो. फार जुने प्लेयर प्लस डिस्कवर ओळखीचा शिक्का दिसला नाही की नाकारायचे, म्हणून काही ड्राइव्ह तिच्यावर चक्क 'डीव्हीडी-रॉम', म्हणजे कारखान्यातच भरलेली डिस्क, असा खोटा शिक्का मारायचे.

टिकाऊपणाचा प्रश्न सरीत काय भरलंय याचा. एकदाच लिहायच्या डिस्कमध्ये, प्लस असो वा मायनस, सेंद्रिय रंग असतो. लेझरच्या उष्णतेनं तो जागोजागी बिघडतो, ती अक्षरं. पुन्हा पुन्हा लिहायच्या आरडब्ल्यूमध्ये मिश्रधातू असतो. वितळून झटकन गार झाला तर गडद, बेतानं तापवून स्फटिक होऊ दिले तर उजळ. पण ही डिस्क उजेडच कमी परतवते, म्हणून जुने प्लेयर अडखळतात. घरचं लग्न हजार वेळा पुसायचं नसतं, तेव्हा आरडब्ल्यू नकोच. आणि वेष्टनावरची 'शंभर वर्षं' डिस्क तापवून, दमट हवेत ठेवून काढलेला अंदाज असतो. शंभर वर्षं कुणी थांबलेलं नाही.

आत्याच्या दोन्ही डिस्क मी खिडकीशी उजेडात तिरक्या धरल्या. लिहिलेला भाग वेगळ्या छटेत दिसतो. हळद जेमतेम अर्ध्यापर्यंत, लग्न थेट काठापर्यंत. डीव्हीडी आतून बाहेर लिहितात, म्हणून पाठवणी काठाला. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या डिंकानं चिकटवलेल्या. दमट हवा शिरते ती काठातून, आणि आपण धरतोही काठालाच. आत्याचं कपाट भिंतीत, पावसाळ्यात तिथल्या चामडी पाकिटाला बुरशी येते. प्लस वाचली ती अर्धी रिकामी होती म्हणून.

मऊ फडक्यानं मधून काठाकडं पुसून लग्नाची डिस्क कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घातली आणि रात्रभर सावकाश वाचू दिली. जे निघालं ते हार्ड डिस्कवर दोन ठिकाणी ठेवलंय. आत्या थोरलीचे डोळे पुसते, तिला गाडीत बसवते, इथपर्यंत आलं. गाडी निघालेली काही दिसत नाही.