बास्केटबॉलचे जनक आणि बास्केटबॉल प्रशिक्षणाचे जनक: नेस्मिथ व ॲलन यांच्यातला फरक

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल मैदानाला जेम्स नेस्मिथ यांचे नाव आहे आणि ते मैदान ज्या इमारतीत आहे तिला फॉरेस्ट ॲलन यांचे. दोघांनी आयुष्याचा मोठा काळ लॉरेन्स या विद्यापीठाच्या गावात काढला, दोघेही याच विद्यापीठाचे प्रशिक्षक होते आणि दोघांच्याही नावामागे ‘जनक’ हे बिरुद लागते. त्यामुळे एकाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या खात्यावर मांडण्याची चूक वारंवार होते. नेस्मिथ हे बास्केटबॉल या खेळाचे जनक होते, तर ॲलन हे बास्केटबॉल प्रशिक्षणाचे. या दोन बिरुदांमध्ये एकाच शब्दाचा फरक असला, तरी खेळाकडे पाहण्याच्या दोन अगदी वेगळ्या दृष्टी त्यांमागे आहेत.

नेस्मिथ यांचा जन्म १८६१ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झाला. माँट्रियल येथे पदवी आणि धर्मशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत आले. तेथे ते ॲमॉस अलोंझो स्टॅग यांच्या फुटबॉल संघातून खेळत असत. (येथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात धरून धावण्याचा, अंगावर झेपावून प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचा अमेरिकी खेळ, हे ध्यानात ठेवायला हवे.) १८९१ च्या हिवाळ्यात बर्फामुळे विद्यार्थी व्यायामशाळेतच अडकून पडले आणि नेहमीच्या कवायतीला कंटाळले, तेव्हा विभागप्रमुख ल्यूथर ग्युलिक यांनी बंद जागेत खेळता येईल असा नवा खेळ शोधण्याचे काम नेस्मिथ यांच्यावर सोपवले. त्यांनी सज्जाला सुमारे दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ जणांचे दोन संघ पाडले. फुटबॉल त्यांनी स्वतः खेळला होता, म्हणूनच त्यातली धडपड कोठून येते हे त्यांना ठाऊक होते. चेंडू घेऊन धावता येत असेल तर धावणाऱ्याला अडवावे आणि पाडावे लागणारच, म्हणून त्यांनी चेंडू हातात घेऊन धावण्यालाच बंदी केली. लक्ष्य डोक्याच्या वर ठेवल्याने चेंडू जोराने भिरकावण्यापेक्षा अलगद फेकण्याला महत्त्व आले. माझ्या मते या दोन निर्णयांत संपूर्ण खेळ सामावलेला आहे.

त्या तेरा नियमांत दोन पंचांची कामे सांगितली आहेत, परंतु प्रशिक्षकाचा उल्लेखही नाही. ही अनवधानाने राहिलेली उणीव नव्हती, कारण नेस्मिथ यांच्या दृष्टीने खेळ हे शरीर आणि चारित्र्य घडवण्याचे साधन होते आणि मैदानावर निर्णय घ्यायचे ते खेळाडूंनीच. डेन्व्हर येथे वैद्यकीय पदवी मिळवून १८९८ साली ते कॅन्ससला आले तेही प्रार्थनागृहाचे संचालक आणि शारीरिक शिक्षणाचे अध्यापक म्हणून. बास्केटबॉल संघ ही त्यांच्या अनेक कामांपैकी एक बाब होती. फेब्रुवारी १८९९ मधील पहिलाच सामना त्यांचा संघ कॅन्सस सिटीच्या वायएमसीएकडून १६-५ असा हरला आणि नऊ हंगामांअखेर ५५ विजय व ६० पराभव अशी नोंद उरली. ज्याने खेळ निर्माण केला तोच या विद्यापीठाचा एकमेव असा प्रशिक्षक ठरला की ज्याचे पराभव विजयांपेक्षा अधिक आहेत. ही गोष्ट बहुधा गंमत म्हणून सांगितली जाते, आणि ते मला खटकते. ज्या कामाला त्यांनी कधी व्यवसाय मानले नाही, त्याच कामाच्या फुटपट्टीने त्यांचे माप काढणे न्याय्य नाही.

ॲलन यांचा जन्म १८८५ साली मिझुरी राज्यात झाला. बेसबॉलचे पंच म्हणून काम करताना त्यांचा आवाज धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यासारखा घुमत असे, त्यावरून त्यांना ‘फॉग’ हे टोपणनाव पडले आणि ते जन्मभर टिकले. नेस्मिथ यांच्या हाताखाली ते खेळले. त्याच सुमारास शेजारच्या बेकर विद्यापीठाने त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलावले, तेव्हा ‘या खेळाचे प्रशिक्षण देता येत नाही, तो नुसता खेळायचा असतो’ अशा आशयाचे उद्गार नेस्मिथ यांनी काढल्याचे सांगितले जाते. ॲलन यांनी पुढची पन्नास वर्षे नेमके याच्या उलट सिद्ध करण्यात घालवली. १९०७ मध्ये त्यांनी कॅन्ससचा संघ गुरूंकडून हाती घेतला आणि १९०८-०९ च्या एकाच हंगामात ते कॅन्सस, बेकर आणि हॅस्केल अशा तीन संस्थांचे संघ सांभाळत होते. त्यानंतर ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे हाडे व स्नायू हातांनी हाताळून उपचार करण्याच्या पद्धतीचे, शिक्षण घेऊन ते वॉरेन्सबर्गच्या शिक्षक महाविद्यालयात गेले. तेथे बास्केटबॉलबरोबर फुटबॉलचा संघही त्यांच्याकडे होता.

१९१९ साली क्रीडासंचालक म्हणून ते कॅन्ससला परतले. १९२० चा एक हंगाम ते तेथील फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. पाच विजय, दोन पराभव आणि एक बरोबरी अशा त्या हंगामातील ती बरोबरीच आजही आठवली जाते. नेब्रास्काविरुद्ध मध्यंतराला ०-२० असे मागे पडलेल्या त्यांच्या संघाने सामना २०-२० असा सोडवला. त्या उत्साहाच्या लाटेवर ॲलन यांनी नव्या स्टेडियमसाठी निधी उभा करण्याच्या मोहिमेला जोर दिला. फुटबॉल मैदानावरची भूमिका तेथेच संपली, परंतु बास्केटबॉलमध्ये ते १९५६ पर्यंत राहिले. त्यांच्या नावावर एकूण ७४६ विजय आहेत, त्यांपैकी ५९० कॅन्ससचे. १९५२ चे महाविद्यालयीन राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी सेंट जॉन्स विद्यापीठाला ८०-६३ असे हरवून मिळवले आणि त्याच वर्षी हेलसिंकीत सुवर्णपदक जिंकणाऱ्या ऑलिंपिक संघाचे ते सहाय्यक प्रशिक्षक होते.

विजयांच्या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचे आहे ते १९२७ मधले काम. नियम ठरवणाऱ्या समितीने ड्रिबलवर, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेण्यावर, कडक मर्यादा घालण्याचे ठरवले, तेव्हा ॲलन यांनी प्रशिक्षकांना एकत्र आणून त्याला विरोध केला. त्यातून प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि ॲलन तिचे पहिले अध्यक्ष झाले. प्रशिक्षक हा संघटित व्यवसाय झाला तो येथे. तरीही खेळाच्या नियमांत नेस्मिथ यांचा जुना आग्रह बराच काळ जिवंत राहिला, कारण टाइम-आउटमध्ये, म्हणजे खेळ थोडा वेळ थांबवला जातो तेव्हा, प्रशिक्षकाला खेळाडूंशी बोलण्याची मुभा मिळाली ती थेट १९४८-४९ मध्ये.

तरीही दोघांत वैर होते असे समजू नये. बास्केटबॉलचा ऑलिंपिकमध्ये समावेश व्हावा म्हणून ॲलन झटले आणि १९३६ साली नेस्मिथ यांना बर्लिनला पाठवण्यासाठी प्रशिक्षकांच्याच संघटनेने प्रेक्षकांकडून एकेक पेनी गोळा केली. उघड्यावरच्या, पावसाने चिखल झालेल्या मैदानावर अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. आपला खेळ ऑलिंपिकमध्ये खेळला जाताना नेस्मिथ यांनी पाहिला. (त्याच वर्षी बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली होती.)

शिष्यपरंपरेबाबत सर्वाधिक घोटाळा होतो. प्रशिक्षक म्हणून ८७६ सामने जिंकणारे केंटकी विद्यापीठाचे ॲडॉल्फ रप हे ॲलन यांच्या संघातून खेळले. त्या काळात नेस्मिथ विद्यापीठात अध्यापक होते, एवढ्यावरून त्यांना अनेकदा रप यांचे प्रशिक्षक म्हटले जाते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ तर कॅन्ससला आले १९४९ साली, नेस्मिथ यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, त्यामुळे तेही ॲलन यांचेच शिष्य. याउलट जॉन मॅकलेंडन हे निःसंशय नेस्मिथ यांचे. कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना कॅन्ससच्या संघातून, म्हणजे ॲलन यांच्या संघातून, खेळता आले नाही. शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी म्हणून ते नेस्मिथ यांच्या मार्गदर्शनाखाली शिकले आणि १९३६ मध्ये पदवीधर झाले. पुढे टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाच्या संघाला त्यांनी १९५७, १९५८ आणि १९५९ असे सलग तीन वर्षे एनएआयए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. ५५ विजय आणि ६० पराभवांच्या नोंदीत या शिष्याला कोठेही जागा नाही.