नाताळचे झाड घरीच : काठ्यांचे, हिरांचे आणि कुंडीतले

नाताळात घरातला कोपरा आधी गोठ्याला, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याला जातो, झाडाला उरेल ती जागा. वसईतल्या फ्लॅटमध्ये ती बहुधा भिंतच असते. म्हणून आमच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांना आम्ही पहिल्यांदा भिंतीवर टांगायचे काठ्यांचे झाड सुचवतो. ते जमीन अडवत नाही, गुंडाळून माळ्यावर ठेवता येते आणि नीट केले तर वर्षानुवर्षे वापरता येते.

सुरूच्या झाडाची फांदी आणून बादलीतल्या वाळूत रोवण्याची पद्धत जुनी आहे, पण आमचे मत तिच्या विरुद्ध आहे. किनाऱ्यावरची सुरूबने वारा आणि उडती वाळू अडवण्यासाठी लावलेली असतात. शिवाय तोडलेली फांदी काही दिवसांत वाळते, काड्या गळतात आणि जवळ मेणबत्ती असेल तर ती चटकन पेट घेते.

काठ्यांचे झाड

साहित्य : 12 ते 15 मिलिमीटर जाडीच्या बांबूच्या 9 काठ्या, 4 मिलिमीटरची 7 मीटर सुती किंवा तागाची दोरी, पांढरा गोंद, एक हुक आणि 10 मीटरची एलईडी माळ. काठ्यांची लांबी 90 सेंटिमीटरपासून सुरू करून प्रत्येक वेळी 10 ने कमी करा : 90, 80, 70 असे शेवटच्या 10 पर्यंत. एकूण साडेचार मीटर बांबू लागतो. दोन काठ्यांमध्ये 15 सेंटिमीटर अंतर ठेवले की झाडाची उंची 120 सेंटिमीटर होते. वरचा तारा आणि दोरीचा फास धरून भिंतीवर दीड मीटर जागा मोकळी हवी.

बांबू कोकणातला माणगा असेल तर उत्तम. तो आतून जवळजवळ भरीव असल्याने कापताना चिरत नाही. ओला बांबू मात्र घेऊ नका. तो वाळताना बारीक होतो आणि घट्ट बांधलेल्या गाठी आठवड्याभरात सैल पडतात. काठीखाली पिवळसर भुकटी पडू लागली तर कीड लागली असे समजा. आम्ही काठ्या टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडरच्या पाण्यात मुरवून, वाळवून देतो. तुम्ही स्वतःच्या बागेतला बांबू वापरणार असाल तर हे काम टाळू नका.

जमिनीवर खडूने त्रिकोण आखा आणि काठ्या त्यावर मांडा. दोरीचा मध्य हुकाच्या जागी ठेवून दोन्ही बाजूंनी खाली बांधत या. प्रत्येक काठीला टोकापासून 2 सेंटिमीटर आत दोरीचे दोन वेढे द्या आणि टोक दुसऱ्या वेढ्याखालून ओढून घ्या. एका गाठीत सुमारे 12 सेंटिमीटर दोरी जाते, म्हणूनच 7 मीटर लागते. गोंद इतक्यात लावू नका. आधी झाड टांगा, लांबून पाहा, तिरक्या काठ्यांच्या गाठी सरकवून सरळ करा आणि मगच प्रत्येक गाठीत गोंदाचा एक थेंब सोडा. बांबू गुळगुळीत असल्याने गोंदाशिवाय गाठी हळूहळू घसरतात. गोंद आधीच लावला तर वाकडी काठी वाकडीच राहते.

माळ सगळ्यात खालच्या काठीपासून चढवा, कारण पिन खाली यायला हवी. दर 3 सेंटिमीटरला एक वेढा दिला की सुमारे 9 मीटर माळ काठ्यांवर बसते आणि मीटरभर सॉकेटपर्यंत उरते. माळ लांब झाली म्हणून कापू मात्र नका. थेट 230 व्होल्टवर चालणाऱ्या माळेत दिवे एकामागोमाग जोडलेले असतात. त्यातले काही कमी केले की उरलेल्यांवर जास्त दाब येतो आणि ते जळतात. घरात लहान मुले असतील तर अॅडॅप्टरवर चालणारी कमी व्होल्टची माळच घ्या. गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी रुजवली असेल तर रोज पाणी शिंपडताना अॅडॅप्टर आणि एक्स्टेंशन बोर्ड पाण्याच्या आवाक्यात नको.

सजावटीसह सगळे वजन साधारण किलोभर होते. भिंतीत 6 मिलिमीटरचा फिशर (स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) आणि स्क्रू पुरतो. चिकटणारा हुक टाइल्सवर किंवा सनमायकाच्या कपाटावर टिकतो. डिस्टेंपरवर तो रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतो, तिथे तो लावूच नका. झाड एकाच हुकावर असल्याने डावी-उजवीकडचे वजन सारखे ठेवा. लटकणी 8 सेंटिमीटरपेक्षा लांब नसावीत, नाहीतर ती खालच्या काठीवर आपटतात. पंख्याच्या वाऱ्याने झाड भिंतीवर टकटक करत असेल तर खालच्या काठीच्या टोकांना मागून रबराचे छोटे तुकडे चिकटवा.

हिरांचे झाड

टेबलावरच्या झाडाला आम्हाला माडाच्या हिरांइतके सुंदर काही वाटत नाही. 70 सेंटिमीटर लांबीचे 60 हीर तासभर पाण्यात भिजवा. कोरडे वाकवले तर मोडतात. तारेचे 30 सेंटिमीटर व्यासाचे कडे करून जाड टोके त्यावर दीड-दीड सेंटिमीटरवर बारीक तारेने बांधा. वरची टोके एकत्र घेऊन, शेंड्यापासून 10 सेंटिमीटर खाली आवळा. अगदी शेंड्याला बांधले तर बारीक टोके तुटतात. वाळल्यावर आत सेलवर चालणारी 3 मीटरची बारीक माळ सैल सोडा. उजेड हिरांमधून झिरपतो, वर काही टांगावे लागत नाही. आत पणती किंवा मेणबत्ती कधीही ठेवू नका.

कुंडीतले

नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळते ते बहुधा अरॉकेरिया. त्याच्या शेंड्याला जड तारा बांधू नका. शेंडा मोडला की झाडाचा आकार पुन्हा तसा येत नाही. तारा मागे रोवलेल्या काठीला बांधा. घरात खिडकीजवळ आठ-दहा दिवस ठेवा, वरची इंचभर माती सुकली की पाणी द्या आणि नंतर ते गॅलरीत हलवा.

तीन राजांच्या सणानंतर, म्हणजे 6 जानेवारीनंतर, काठ्यांचे झाड उतरवताना आधी माळ काढा. मग खालच्या रुंद काठीपासून वरच्या दिशेने गुंडाळा आणि सुती कापडात बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात बुरशी धरते.

दुकानात येताना दोन मापे आणा : भिंतीची मोकळी रुंदी आणि हुकापासून सॉकेटपर्यंतचे अंतर. त्यानुसार काठ्या आम्ही कापून देऊ.