चर्चच्या वहीत देवीची लस कशाला?

सासूबाईंच्या खापरपणजीचं कन्फर्मेशन, म्हणजे चर्चमध्ये पोरापोरींची होणारी धर्मपरीक्षा, १८३१ सालचं. चर्चच्या वहीचं ते पान स्क्रीनवर उघडून आम्ही दोघी बसलो होतो. नाव सापडलं, आईबाप सापडले, वय साडेचौदा, पुढच्या रकान्यात 'ज्ञान आणि वर्तन' असं म्हणून चक्क मार्क दिलेले, पोरीला "चांगलं" मिळालंय, आणि त्याच्यापुढे एक तारीख नि एका डॉक्टरचं नाव. ही तारीख कसली ते मला कळेना, म्हटलं लग्नबिग्न ठरलं असेल. सासूबाई (इथे डेन्मार्कमध्ये त्यांना सगळे नावानेच हाक मारतात, मीसुद्धा, पण लिहिताना हात सासूबाईच लिहितो) म्हणाल्या, अगं, ही देवी काढल्याची तारीख!

चर्चच्या वहीत देवीच्या लशीचं काय काम, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता. त्याचं उत्तर शोधताना लक्षात आलं की डॅनिश लोक ज्या किर्केबो, म्हणजे चर्चवह्या, पूर्वज शोधायला उघडतात, त्या पूर्वजांसाठी कोणी लिहिलेल्याच नाहीत. राजाला जेव्हा जे हवं होतं ते पाद्र्याकडून लिहून घेतलं गेलं, आणि आपल्याला मिळतं ते त्यातलं उरलंसुरलं.

१५३६ मध्ये डेन्मार्क पोपला सोडून ल्युथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, झाला, चर्चच्या जमिनी राजाकडे गेल्या आणि गावचा पाद्री एका अर्थी सरकारी माणूस झाला. प्रत्येक पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) लिहितावाचता येणारा, सगळ्यांना ओळखणारा आणि सरकारचं ऐकणारा माणूस तोच, मग कामं त्याच्याच गळ्यात पडणार ना. काही पाद्री हौसेने आधीपासून वह्या ठेवायचे, दक्षिण यूटलंडमधल्या योर्डकेअरची वही १५७३ पासून आहे, पण सक्ती आली ती चौथ्या क्रिस्टियन राजाच्या काळात, १६४५ मध्ये शेलंड बेटावर आणि १६४६ मध्ये सगळ्या देशात. बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवा, एवढाच हुकूम. कसं लिहायचं ते काहीच सांगितलं नाही, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या मर्जीने लिहिलं. कोणी सगळं एकाखाली एक तारखेनुसार, कोणी बाप्तिस्मे पुढून नि दफनं मागून, कोणी लॅटिन घुसडतंय, आणि अक्षर तर असं की शाई कमी पडत होती की काय!

तारखांचा घोळ वेगळाच. महिना-दिवस न लिहिता चर्चचा रविवार लिहायचे, "डॉम. ५ पी. ट्रिन.", म्हणजे ट्रिनिटी या चर्चच्या सणानंतरचा पाचवा रविवार. आपण "आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी" म्हणतो तसंच. आता ट्रिनिटी ईस्टरवर अवलंबून आणि ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल कुठेही येतो, म्हणजे आधी त्या वर्षीचा ईस्टर काढा, मग आठवडे मोजा. त्यात १७०० साली डेन्मार्कने जुनं जुलियन कॅलेंडर सोडलं, १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च उजाडला. त्या मधल्या तारखांना जन्मलेलं कोणी सापडलं तर समजायचं आपणच चुकीचं वाचलंय.

सगळ्यात जास्त राग येतो तो आईचं नाव नसण्याचा. जुन्या वह्यांत किती ठिकाणी फक्त "येन्स पेडरसनचं मूल, नाव नील्स", संपलं! बाळंतीण कुठे गेली? ती सापडते आडवाटेने. बाळंतपणानंतर पाचसहा आठवड्यांनी बाई पुन्हा चर्चमध्ये यायची, पाद्री तिला दारातून आत घ्यायचा, त्याची कधीकधी वेगळी नोंद असते, तिथेही पुष्कळदा "येन्स पेडरसनची बायको" एवढंच. म्हणून सासूबाई साक्षीदारांकडे बघायला सांगतात. बाप्तिस्म्याला मूल कोणी धरलं, कोण कोण उभं होतं ती यादी असते, आणि मूल धरणारी बाई बऱ्याचदा मावशी किंवा आत्या निघते.

नावांचं म्हणाल तर मराठी माणसाला इथे जरा घरच्यासारखं वाटतं, बापाचं नाव मुलाच्या नावामागे लावायची सवय आपल्यालाही आहे. फक्त आपलं आडनाव पुढे चालतं, यांचं आडनावच दर पिढीला बदलायचं. येन्सचा मुलगा नील्स तो नील्स येन्सन, नील्सचा मुलगा पेडर तो पेडर नील्सन, मुलगी कारेन ती कारेन नील्सडॅटर, आणि लग्नानंतरही वहीत ती नील्सडॅटरच. दक्षिणेकडच्या श्लेसविग भागात १७७१ मध्ये ही पद्धत बंद करायचा हुकूम निघाला, उरलेल्या देशात १८२८ मध्ये बाप्तिस्म्यालाच पक्कं आडनाव द्या म्हणून सांगितलं. पण खेड्यातल्या लोकांनी आणि पाद्र्यांनीही ते आपापल्या परीने समजून घेतलं, एकाच घरातल्या भावंडांची आडनावं वेगळी असंही दिसतं. शेवटी ज्या पिढीला गाडी थांबली तिथला "सन" कायमचा चिकटला, म्हणून आज इथे ढिगाने नील्सन, येन्सन नि हान्सन. या सन-लोकांना दुसरं आडनाव घेणं सोपं व्हावं म्हणून १९०४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

पाळण्यातलं नावही ठरलेलंच. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं. आणि एक रिवाज मला फार आवडतो, विधुराने दुसरं लग्न केलं की नव्या बायकोच्या पहिल्या मुलीला मेलेल्या बायकोचं नाव. आपल्याकडे सवतीचं नाव पोरीला ठेवलं तर घरात भांडी आपटतील! पण शोधणाऱ्याला हा मोठा धागा असतो.

आता लशीकडे येते. १७३६ मध्ये कन्फर्मेशन सक्तीचं झालं, म्हणजे पाद्र्यापुढे धर्माची तोंडी परीक्षा द्यायची, आणि ती दिल्याशिवाय लग्न नाही. सरकारच्या लक्षात आलं की प्रत्येक पोराला आयुष्यात एकदा तरी या दारातून जावंच लागतं. मग १८१० मध्ये देवीच्या लशीचा हुकूम आला, लस घेतल्याचा किंवा देवी येऊन गेल्याचा दाखला नसेल तर कन्फर्मेशन नाही नि लग्नही नाही. गावोगाव शिपाई फिरवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. म्हणून खापरपणजीच्या धर्मपरीक्षेच्या मार्कांशेजारी तिच्या दंडावरच्या व्रणाची तारीख आहे.

आणि ते रकाने आले १८१२ च्या डिसेंबरातल्या हुकमाने. छापील फॉर्म, मुलगे-मुली वेगळ्या पानांवर, प्रत्येक नोंदीला नंबर, गावात नवीन आलेल्यांची आणि सोडून गेलेल्यांची यादी. अंमलबजावणी व्हायला १८१३-१४ उजाडलं, पण तिथून पुढे शोधणं म्हणजे हायवेला लागल्यासारखं. त्याच हुकमातलं माझं आवडतं कलम, वही दोन प्रतींत ठेवायची, एक पाद्र्याकडे, एक चर्चच्या कारकुनाकडे (तो बहुतेक शाळामास्तरच असायचा), आणि दोन्ही प्रती रात्री एका छपराखाली ठेवायच्या नाहीत. गवताची छपरं, घरात चूल, पाद्र्याचं घर जळलं की गावाच्या पिढ्या जळाल्या, हे तोवर पुष्कळदा होऊन गेलं होतं.

पाद्र्याची वही एकटी पुरत नाही हे खरं. १७३३ ते १७८८ शेतकऱ्यांच्या मुलांना जमीनदाराची इस्टेट सोडून जायला बंदी होती, ती उठली तेव्हा सैन्यभरतीसाठी वेगळे रोल, म्हणजे याद्या, सुरू झाले, त्यात खेड्यातला मुलगा जन्मापासून नंबरासकट, बापाच्या नावाखाली, कुठे हलला तेही. गरिबाचा मुलगा सापडतो आणि श्रीमंताचा नाही अशी उलटी गंमत, कारण १८४९ पर्यंत भरती शेतकरी वर्गातूनच व्हायची. शिरगणत्या १७८७, १८०१, मग १८३४ पासून, आणि १८४५ पासून जन्माची पॅरिश लिहिलेली. पॅरिशचं नाव नुसतं असून भागत नाही हे मी किंमत मोजून शिकले, व्हायल्बी नावाच्या पॅरिश एकाहून जास्त आहेत, मी तीन संध्याकाळी भलत्याच व्हायल्बीत घालवल्या आणि तिथल्या एका येन्सला मनापासून आपला मानून बसले होते.

दक्षिण यूटलंडवाल्यांचं आणखी वेगळं, १८६४ च्या युद्धात तो भाग डेन्मार्कच्या हातून गेला, १८७४ पासून प्रशियाने (तेव्हाच्या जर्मन राज्याने) नागरी, म्हणजे चर्चबाहेरची सरकारी, नोंदणी आणली आणि १९२० मध्ये भाग परत आला तरी तिथे जन्मनोंद आजही नगरपालिकेत होते, बाकी देशात चर्चच्या ऑफिसात.

या गोष्टीत मराठी माणूस येतो तो तमिळनाडूत. तरंगंबाडी, डॅनिशांचं ट्रांकेबार, १६२० पासून त्यांच्याकडे. जागा तंजावरच्या नायकाची, पुढे व्यंकोजीराजे भोसल्यांनी तंजावर घेतलं तेव्हापासून वार्षिक खंडणी मराठ्यांच्या दरबारात. १७०१ च्या झायन चर्चमध्ये डॅनिश वस्तीतले बाप्तिस्मे-लग्नं व्हायची, १८४५ मध्ये सगळं इंग्रजांना विकेपर्यंत. म्हणजे कोणाचा पूर्वज कोपनहेगनच्या वहीतून गायब झाला तर तो मोडीत कारभार चालणाऱ्या राज्याच्या किनाऱ्यावर निघू शकतो. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांनी पहिल्यांदा मोडी गुगल केली आणि म्हणाल्या, आमच्या गॉथिकपेक्षा बरी दिसते. (गॉथिक म्हणजे या वह्यांतलं जुनं हस्ताक्षराचं वळण, ते आता नव्या पिढीला वाचता येत नाहीच.)

आज वह्यांची पानं राष्ट्रीय अभिलेखागाराने फुकट ऑनलाइन ठेवलीयत. त्याआधी अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या लोकांनी मायक्रोफिल्म काढून नेल्या होत्या, कारण १८५० नंतर बरेच डॅनिश मॉर्मन होऊन अमेरिकेत यूटाला गेले आणि त्यांच्या धर्मात मेलेल्या पूर्वजांचाही बाप्तिस्मा करतात, त्यासाठी नावं लागतात.

आमची साखळी सध्या १७४२ ला अडकलीय. त्याच्या आधीची वही पाद्र्याच्या घराबरोबर जळाली, एका छपराखाली न ठेवायचं कलम सत्तर वर्षं उशिरा आलं. सासूबाई आता त्या गावच्या जमीनदाराच्या खंडाच्या वह्या काढून बसल्यात, कोणत्या शेतावर कोण बापाच्या जागी आला ते बघत.