नवी प्रजाती की जुन्याच भुंगेऱ्याचा वेगळा रंग?

बेळगाव जिल्ह्यात जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस लागला की पानं खाणारे भुंगेरे झुडपांवर दिसू लागतात आणि "हा नवीनच दिसतोय" म्हणून फोटो फिरू लागतात. बहुतेक वेळा तो ओळखीच्याच प्रजातीचा रंगभेद निघतो. नव्या प्रजातीचा दावा करण्याआधी ही शंका फेडून घ्यायलाच हवी.

रंगभेद पाहायला जंगलात जायची गरज नाही. काँग्रेस गवताच्या बंदोबस्तासाठी 1984 मध्ये बंगळूरला सोडलेला मेक्सिकन भुंगेरा आता आपल्याकडेही रस्त्याकडेच्या गवतावर सापडतो. लांबी पाच-सहा मिलिमीटर, फिकट पाठीवर गडद नागमोडी पट्टे. पुष्कळ भुंगेरे शेजारी मांडा: कुणाचे पट्टे जाड, कुणाचे तुटक, कुणाचे एकमेकांत मिसळलेले. पण दोन टोकांच्या मधले सगळे टप्पे तिथेच सापडतात. असे मधले नमुने मिळत असतील तर तो रंगभेदच समजावा.

रंग इतरही कारणांनी फसवतो. कोषातून नुकताच निघालेला भुंगेरा फिकट आणि मऊ असतो. बेशरमीच्या पानावरचा सोनेरी कासव-भुंगेरा मेला आणि वाळला की तपकिरी पडतो, कारण ती झळाळी कवचाच्या थरांतल्या ओलाव्यामुळे असते. म्हणून जिवंतपणीच फोटो काढावा आणि रंग लिहून ठेवावा. नर-मादीतला फरकही लक्षात ठेवावा. पुष्कळ प्रजातींत नराच्या पुढच्या पायाच्या पावलाचा पहिला सांधा रुंद असतो. तेवढ्यावरून नर-मादीच्या दोन प्रजाती करणं ही जुनी चूक आहे.

नवी प्रजाती ठरते ती शरीराच्या घडणीवरून: मिशांच्या अकरा सांध्यांची एकमेकांशी लांबी, छातीच्या ढालीवरचे खळगे, कठीण पंखांवरच्या ठिपक्यांच्या ओळी आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जननेंद्रिय. वाळलेला नमुना गरम पाण्यात मऊ करून पोटाच्या टोकातून वाकड्या टाचणीनं ते बाहेर काढतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 10 टक्के द्रावणात ठेवून चिकटलेलं मांस विरघळवतात, स्वच्छ पाण्यानं धुतात आणि ग्लिसरीनमध्ये ठेवून वरून, खालून व बाजूनं चित्र काढतात. द्रावणात फार वेळ राहिलं तर मादीची शुक्रधानी (नराचं बीज साठवणारी पिशवी) इतकी पारदर्शक होते की तिची कडा दिसेनाशी होते. नुकत्याच निघालेल्या नराचा अवयव कच्चा असतो, वाळताना आकसतो. तो वेगळा आकार 'नवीन' म्हणून छापला गेला तर पुढच्या अभ्यासकांची वर्षं वाया जातात. एकाच नमुन्यावर, त्यातही एकट्या मादीवर, नवी प्रजाती उभी करण्याची घाई करू नये. दोन्ही लिंगांचे, शक्यतो एकापेक्षा जास्त ठिकाणचे नमुने हवेत.

रंगभेद आणि नवी प्रजाती यांना नावाचे नियमही वेगवेगळे आहेत. प्रजातीतल्या निव्वळ रंगभेदाला 1960 नंतर कुणी 'प्रकार' म्हणून नाव दिलं असेल तर प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला स्थान नाही. नव्या प्रजातीसाठी मात्र 1999 नंतर मूळ नमुना (ज्यावर ते नाव आधारलेलं असतं तो) स्पष्ट नेमावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला तेही लिहावं लागतं. नुसता फोटो आणि मोबाइलवर जाहीर केलेलं नाव याला काही किंमत नाही. भीमगड अभयारण्यातून नमुना उचलायचा तर वनखात्याची परवानगी आधी हवी.

सगळ्यांत किचकट काम पुढेच आहे: जुनी नावं तपासणं. कीटक-अभ्यासक मार्टिन जेकोबी यांनी 1896 च्या सुमारास अँड्र्यूज यांनी भारतात गोळा केलेल्या भुंगेऱ्यांवरून पुष्कळ प्रजातींची वर्णनं केली. त्यांत बेळगावचेही नमुने होते. पुढे कीटक-अभ्यासक समरेंद्र मौलिक यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेच्या 1919, 1926 आणि 1936 च्या खंडांत पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळाची मोठी मांडणी केली. तेव्हा इथला 'नवा' भुंगेरा शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालेला असू शकतो. त्या जुन्या वर्णनांत रंगावर भर, जननेंद्रियाचं चित्र बहुधा नाही. म्हणून संग्रहालयातला मूळ नमुना तपासण्यावाचून गत्यंतर नसतं. त्यात नमुन्याच्या टाचणीला लावलेल्या चिठ्ठीवर फक्त 'बेळगाव' एवढंच असेल तर ते शहर की जिल्हा, खानापूरचं ओलं जंगल की गोकाकचं कोरडं माळरान, हे कळायला मार्ग नाही. आपल्या चिठ्ठीवर तरी गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख आणि भुंगेरा जे झाड खात होता त्याचं नाव असावं. झाड ओळखता येत नसेल तर त्याची फुलासकट फांदी दाबून सोबत ठेवावी.